नाही म्हणण्याची रविवारची शिकवणी

मीरा आणि ईशान,

सलग चार रविवार आजीने तुमचा फोन उचलला नाही, कारण त्या वेळी ती चौदा मुलांना 'नाही' कसं म्हणावं हे शिकवत होती. आजच हे लिहितेय, कारण मीरा बाबाला म्हणाली म्हणे, "आजी डझन्ट वाँट टू टॉक." ते मला फार लागलं. तेव्हा खरं काय ते बाबाकडून वाचून घ्या.

निवृत्त झाल्यावरही मी सेक्टर ३४ मधल्या एका क्लासमध्ये आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी बोलायला शिकवते. मालक बलजीत जी मला 'माताजी' म्हणतात, आणि मातेला सुट्टी नसते! रविवारी दहाला तुमचे चेहरे पडद्यावर उगवले, की नेमका त्यांचा फोन. "माताजी, बस दो मिनट!" (त्या दोन मिनिटांत त्यांच्या मेहुण्याचा व्हिसाचा अर्जही तपासून होतो.)

आजोबा वैतागले. तीस वर्षं एअरफोर्समध्ये काढलेला माणूस! "स्पष्ट नाही म्हणून सांग. त्यात काय एवढं?"

तोंडावर बोलणं जमेना, म्हणून मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, एक पान, नीट समास सोडून. नोकरी आणि घर यांच्यात रेषा असावी, रविवार माझ्या नातवंडांचा आहे, वगैरे. बलजीत जींनी ते उभ्याउभ्याच वाचलं. त्यांचे डोळे पाणावले. मनात म्हटलं, जिंकले!

"माताजी, क्या इंग्लिश है! ना भी कह दिया और बुरा भी नहीं लगा! ये तो बच्चों को सिखाना पड़ेगा."

"जी, लेकिन..."

"संडे, दस बजे. क्लास तो बंद रहती है, आपके घर भेज दूँगा. पक्का!"

आणि मी, पत्राची लेखिका, म्हणाले, "हाँ जी."

पहिल्या रविवारी ठरवलं होतं, दारातूनच परत पाठवायचं. दार उघडलं, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आओ, बैठो. पोहे खाओगे?" घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? दुसऱ्या रविवारी मुलं रिकामे डबे घेऊन आली! आजोबा ओट्यापाशी दीड किलो कांदे चिरत होते. मी विचारलं, "त्यात काय एवढं?" त्यांनी नुसते डोळे पुसले.

तिसऱ्या रविवारी हरप्रीतला पुन्हा पोहे वाढायला गेले, तर तिने ताटलीवर हात आडवा धरला. "नो, थँक यू, मॅम." हसून, शांतपणे, थेट माझ्या पत्राच्या सुरात. ही मुलगी शिकता शिकता क्लासच्या रिसेप्शनवरही बसते, आणि रविवारी बलजीत जींचे 'दो मिनट'चे फोन तिलाही येतात. सोमवारी तिने माझंच पत्र, खाली स्वतःची सही ठोकून, बलजीत जींना दिलं. तिला रविवारची सुट्टी मिळाली! (वय बावीस. नातवंडं कुठली, हे कोणी विचारलंही नाही.)

"बलजीत जी, मेरी भी तो वही चिट्ठी थी!"

"माताजी, आप तो घर की हो!"

पत्र आता क्लासच्या भिंतीवर चौकटीत लावलंय. चौथ्या रविवारी मुलं चौदाची एकवीस झाली. बाळांनो, आपली दहाची वेळ तर गेलीच. पण मुलं दहाला येतात, पोहे नऊला भिजतात आणि आजोबा कांदे साडेआठला घेतात. त्याआधी फोन करा.

आठ ते साडेआठ अजून शिल्लक आहे.