की कुणाची, हे कसं विचारायचं

"मॅडम, ॲक्सेप्ट दाबू का?"

आमच्या इंजिनिअर रोहिणीचं बोट माउसवर होतं. डायलिसिस विभागाचे डॉ. कांबळे तिच्या खुर्चीमागे उभे होते. मी म्हणाले, "आधी हात काढ."

चिन्मय, अनया, निवृत्तीनंतरही आजी रोज कुठे जाते, असं तुम्ही विचारता, म्हणून हे लिहिते. उस्मानपुऱ्यातल्या एका रुग्णालयात मी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम बघते. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांचं रक्त तिथे मशीनवर शुद्ध करतात. त्याला लागणाऱ्या द्रावणाचे कॅन पडेगावहून, जावेदभाईंच्या गोदामातून येतात. मागणी माणूस करत नाही. आमचा एजंट, म्हणजे आमच्या वतीने काम करणारा प्रोग्रॅम, साठा बघतो आणि त्यांच्या एजंटला ऑर्डर पाठवतो.

दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना ओळखायचं कसं? ना चेहरा, ना आवाज. म्हणून प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. प्रायव्हेट की स्वतःजवळ लपवून ठेवायची, पब्लिक की समोरच्याला द्यायची. प्रायव्हेट कीने केलेली सही पब्लिक कीने तपासता येते. मात्र ती पब्लिक की खरोखर त्याचीच आहे, याची खात्री आधी माणसाला करावी लागते. तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

त्या सकाळी आमचा एजंट अडला. समोरून येणारी सही जुन्या कीशी जुळत नव्हती. पाठोपाठ जावेदभाईंच्या ऑफिसच्या पत्त्यावरून ईमेल आला. सर्व्हर बदलला आहे, सोबतची नवी की ॲक्सेप्ट करा.

"मग करून टाका ना," डॉक्टर म्हणाले. "कॅन आजच्यापुरतेच आहेत. उद्या सकाळी पेशंट दारात असतील."

"ईमेल खोटा असेल," मी म्हणाले, "तर ऑर्डर भलत्याकडेच जाईल. 'ऑर्डर मिळाली' असा गोड निरोप येईल आणि गाडी येणारच नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. देवगाव रंगारीहून आमच्या पेशंट सुनंदाबाईंचा मुलगा बोलत होता. त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "साहेब, आईला उद्या आणू का नको, एवढं सांगा. पाय लई सुजलेत तिचे."

"कळवतो," म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला आणि ते येरझारा घालू लागले.

ईमेल खरा आहे का, हे त्याच ईमेलला विचारून चालत नाही. तुमच्या आजोबांचं स्थळ आलं, तेव्हा माझ्या वडिलांनी चौकशी त्यांच्या घरी केली नव्हती, त्यांच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत केली होती. म्हणून ईमेलमधला नंबर सोडून आमच्याकडे आधीपासून असलेल्या जावेदभाईंच्या नंबरवर रोहिणीला फोन लावायला सांगितला. की म्हणजे आकडे-अक्षरांची माळ, ती बरीच लांब असते. तिची छोटी खूण असते, तिला फिंगरप्रिंट म्हणतात. तेवढी जुळवायची.

रोहिणीने फोन स्पीकरवर टाकला आणि वाचायला लागली. "सात ए, चार एफ..."

"जी बेटा, बराबर."

"नऊ शून्य, डी दोन..."

"बराबर, बराबर."

शेवटपर्यंत वाचून ती म्हणाली, "जुळलं, मॅडम!" डॉक्टर निघालेसुद्धा. मला मात्र चैन पडेना. आकडे जुळवणारा माणूस अडखळतो, "पुन्हा सांगा" म्हणतो. जावेदभाई एकदाही थांबले नव्हते. शिवाय मागे हमालांचा आरडाओरडा चालला होता.

मी फोन ओढून घेतला. "जावेदभाई, शेवटचं परत वाचते हं." आणि मनाला येतील ते आकडे वाचले.

"जी मॅडम, एकदम बराबर!"

"भाई, कशात बघून सांगताय?"

"बघून? मी तर गाडीपाशी उभा आहे." ते हसले. "तुम्ही पढीलिखी माणसं. तुम्ही वाचताय, त्याला मी गलत कसं म्हणू? आणि बेटी किती अदबीनं बोलत होती!"

रोहिणीचा चेहरा पडला. डॉक्टर दारातूनच परत फिरले.

"सर्व्हर बदललाय का तुमचा?"

"अहो, इथला पंखा बदलत नाही मी, सर्व्हर कुठला बदलतो!"

"मग आत जा, स्क्रीनसमोर बसा. आता तुम्ही वाचा, आम्ही ऐकतो."

बराच वेळ नुसता जिना चढल्याचा आवाज. मग जावेदभाई एकेक अक्षर वाचू लागले. पहिली जोडी जुळली नाही. दुसरीही नाही. त्यांच्याकडे जुनीच की होती. नवी की तिसऱ्याच कुणाची होती. त्यांच्या ऑफिसच्या मेलमध्ये कुणीतरी शिरलं होतं आणि दोन एजंटांच्या मध्ये येऊन बसलं होतं. कोण, ते अजून कळलेलं नाही. ते मला अजूनही खुपतं.

डॉक्टरांनी त्याच फोनवर तोंडी ऑर्डर दिली. संध्याकाळी कॅनची गाडी फाटकातून आत आल्यावरच त्यांनी देवगावला फोन केला. "आणा आईला."

दुसऱ्या दिवशी मी नियम केला. खूण आपण वाचायची नाही, समोरच्याला वाचायला लावायची. ज्या प्रश्नातून नुसतं 'हो' म्हणून सुटता येतं, त्याने कसलीच खात्री होत नाही. रोहिणीला हे सगळं नीट समजावलं.

"समजलं?"

"हो, मॅडम."

"हो नको. तू सांग, मी ऐकते."