घंटेचा दोर

घर सोडलं त्या रविवारी पप्पा मला स्टँडवर सोडायला आले नाहीत. साडेआठची सांगली एसटी आणि चर्चची पहिली घंटा, दोन्ही एकाच वेळी. आई बॅग धरून उभी होती आणि पप्पा दारातूनच म्हणाले, "घंटा कोन वाजवनार मग? मी चाललो." मी चर्चची पाळक व्हायचं शिकायला बंगळुरूला निघाले होते, आणि आमच्या कोरेगावच्या चर्चमंडळीत तोवर एकाही बाईनं पुलपिटावर, प्रवचनाच्या जागी, पाय ठेवला नव्हता. पप्पा मंडळीचे सेक्रेटरी. त्यांनी मला अडवलं नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. एसटी हलली तेव्हा घंटा वाजतच होती.

त्या घंटेवर माझा जुना राग. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी पप्पांबरोबर तिचा दोर ओढायचे. उपासनेची घंटा भराभर वाजवायची. कुणी वारलं तर एक ठोका, मग लांब थांबायचं, मग दुसरा. माझा हात असा बसला होता की पप्पा नुसते शेजारी उभे राहायचे. मला बारावं लागलं आणि एका रविवारी त्यांनी दोर माझ्या हातातून काढून घेतला. "आता मोटी झालीस. बाईमानसानं न्हाई वाजवायची." एवढंच. कॉलेजच्या मुलाखतीत मी देवाच्या हाकेबद्दल पुष्कळ बोलले. दोराबद्दल बोलले नाही, पण खरं सांगायचं तर सुरुवात तिथून झाली होती.

बंगळुरूत नवे शब्द मिळाले. इन्क्लुझिव्ह, जेंडर जस्टिस, फील्डवर्क. पण नुसते शब्द नव्हते ते. फील्डवर्कच्या चर्चमध्ये एक घटस्फोटित बाई प्रभुभोजनाची भाकर वाटायची. एक तृतीयपंथी ताई गाणी सांगायची. एकीचा हिंदू नवरा पहिल्या बाकावर बसून माझं प्रवचन ऐकायचा आणि बाहेर आल्यावर माझ्या चुका सांगायचा. कोरेगावात अजून बाया डावीकडं, पुरुष उजवीकडं. देव इथं जरा ऐसपैस बसलाय, असं मला वाटायचं, आणि हे घरी फोनवर सांगताना माझा आवाज थोडा चढायचा.

दर रविवारी आई फोन करून मला घंटा ऐकवायची. तिसऱ्या वर्षी एकदा ठोके वेगळेच आले, घाईघाईचे. विचारलं तर आई म्हणाली, "वहिनी वाजवतीया. पप्पांचा खांदा धरलाय न्हवं."

दादा फौजेत, म्हणून वहिनी आईपप्पांजवळ. आटपाडीची, दहावी शिकलेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. पप्पांनी तिच्या हातात दोर दिला होता. बाईमाणसाच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेवा करू नये हे वचन मला मराठीत, इंग्रजीत आणि थोडंफार ग्रीकमध्येही पाठ होतं. त्या दिवशी एकही कामाला आलं नाही.

शिक्षण संपलं. पाळकपदाच्या दीक्षेसाठी घरच्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि ते देण्याआधी मंडळीचे पंच एक प्रवचन ऐकतात. पत्र नसेल तर सगळं शिक्षण पाण्यात. म्हणून हंगामाच्या सणाला, लोक नवं धान्य, भाजी, ऊस वेदीपुढं आणून ठेवतात त्या रविवारी, मी कोरेगावात हजर झाले. पाहते तर ज्याच्या त्याच्या तोंडी वहिनी. कुणाच्या आजारी सासूपाशी ती बसून आलेली, कुणाला बायबल वाचून दाखवून आलेली. मी वर्गात बसून शिकले ते ती भाकऱ्या थापून झाल्यावर करत होती, आणि त्याला काही नाव असतं हे तिला माहीतही नव्हतं.

सकाळी तिनं दोर माझ्यापुढं धरला. "घ्या वन्सं. आज तुमी वाजवा."

घंटा कशी वाजवतात ते तिला दाखवायचंच होतं मला. जोर लावून ओढला. पण हाताची सवय मोडलेली. दोर वर निसटायचा, पुन्हा पकडेपर्यंत वेळ जायचा. एक ठोका. मग शांतता. मग दुसरा. "वन्सं, थांबा! मयताची वाजाय लागलीया!" वहिनी ओरडली. मला वाटलं, जळतेय माझ्यावर. मी आणखी जोरात ओढला.

पाच मिनिटांत सगळी आळी दारात. शेजारचे रिटायर फौजी अप्पा टोपी हातात घेऊन, त्यांच्या मागं पीठभरल्या हातांनी बाया. "कोन गेलं? कोन गेलं?" एका म्हातारीनं तर पप्पांच्या नावानं गळा काढला होता, आणि पप्पा तिच्या समोर उभे.

"कुनी न्हाई गेलं," पप्पा म्हणाले. "माजी पोरगी आलीया. आता आलायसा तर बसा."

जागा पुरेना. बाया, पुरुष, हिंदू, ख्रिस्ती, जो तो मिळेल तिथं टेकला. ज्यावर मी निबंधांमागून निबंध लिहिले होते ते माझ्या एका चुकीनं झालं होतं. त्या गर्दीपुढं मी पहिल्यांदा आमच्या पुलपिटावर उभी राहिले. काय बोलले ते धड आठवत नाही.

उपासनेनंतर पत्राचं ठरवायला पंच बसले. कुरकुर झाली. शेवटी सगळ्यांत म्हातारे पंच म्हणाले, "सूनबाई वरीसभर घंटा वाजवतीया, आबाळ कोसाळलं का? मग पोरगीबी हुंदे पाळक." पप्पांनी खिशातून पेन काढलं. पत्र मिळालं, आणि तेही वहिनीच्या पुण्याईनं. मी रडले. आनंदानं रडतेय, असं सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या रविवारी निघाले. तीच साडेआठची एसटी. या वेळी बॅग पप्पांनी उचलली.

"आणि घंटा?" मी विचारलं.

"हाय की ती."

एसटीच्या खिडकीखाली ते उभे राहिले. तेवढ्यात घंटा सुरू झाली. पप्पांनी मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाले, "लय घाई करती. तुज्यासारका हात न्हाई तिचा." आठवड्यापूर्वी मी गावभर मयत करून बसले होते, तरी हे म्हणाले. मग खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

रहिमतपूर येईपर्यंत मी त्या एका वाक्यावर खूश होते. होऊ घातलेल्या पाळकाला हे शोभत नाही, पण होते. मग ध्यानात आलं की दोर पप्पांच्या हातात होता तेव्हा मी त्यांच्याविना निघाले होते.

दीक्षा झाली. आता मी पाळक आहे त्या इथल्या चर्चला घंटा नाही. रविवारी साडेआठला आईचा फोन येतो आणि मी गॅस बारीक करून ठोके ऐकते. वहिनी चुकली की मला अजून बरं वाटतं. हेवा काही गेला नाही, जाईल असं दिसतही नाही. पण तिनं दोर धरलाय म्हणून पप्पा मला सोडायला येऊ शकतात. सुट्टी काढून घरी गेले की दर वेळी निघताना ते खिडकीखाली उभे असतात, आणि मागून घाईघाईनं घंटा वाजत असते.