ज्ञानूची रायफल

बेचाळीसच्या चळवळीत कृष्णाकाठच्या पोरांनी इंग्रजांच्या पोलिसांकडून पहिली रायफल हिसकावली, तेव्हा धोंडिराम आणि ज्ञानू बरोबर होते. पाठलाग झाला. ज्ञानूच्या मांडीत गोळी शिरली. तरी दोघांनी भरल्या नदीत उड्या टाकल्या. धोंडिराम पलीकडच्या दरडीला लागला आणि वळून त्यानं हात पुढं केला. ज्ञानूनं त्या हातात रायफल दिली. "आधी ही घे!" रायफल काठावर टाकून धोंडिराम परत वाकला, तोवर ज्ञानू धारेला लागला होता. त्याचं प्रेतही सापडलं नाही.

त्या रायफलीनं पुढं सारं खोरं गाजवलं. पोवाड्यात तिचं नाव आलं. स्वराज्य आलं आणि हत्यारं जमा करा म्हणून हुकूम निघाला. धोंडिरामच्या जिवावर आलं. गोणपाटात गुंडाळून त्यानं ती म्हसवडच्या मावसभावाकडं, आकारामकडं ठेवली आणि पुढं ऊस, बैलं, लेकरं यांत तो बुडून गेला.

पासष्ट साली ज्ञानूच्या आईची, पारूबाईची, नजर पार गेली. तिनं धोंडिरामला बोलावून घेतलं.

"धोंडिबा, पोराचं अंग काय घावलं न्हाई मला. त्यानं शेवटाला धरल्यालं तेवढं तरी हाताला लागू दे की रं."

धोंडिराम दुसऱ्या दिवशीच म्हसवडला गेला. आकारामनं मान खाली घातली. "झडतीचं भ्या वाटलं गड्या. फलटणच्या माझ्या मेव्हण्याला, कृष्णातला, दिली. त्याच्या उसात डुकरं लय पडायची."

फलटणला कृष्णात म्हणाला, "काडतुसंच मिळंनात. गंजून चालली हुती. कराडच्या अर्जुना लोहाराला देऊन टाकली."

कराडला पोचेपर्यंत धोंडिरामच्या मनानं ताडलं होतंच. अर्जुनानं भाता थांबवला.

"व्हय, आली हुती. लय चांगलं पोलाद! तोडून छिन्न्या केल्या. दस्त्याचं लाकूड भट्टीत घातलं."

"एखादी छिन्नी?"

"कोयनेच्या धरणावरच्या पाथरवटांनी नेल्या समद्या. झिजल्या बी असतील आता."

धोंडिराम तिथंच उकिडवा बसला. नदीतली हकिकत त्यानं पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितली. अर्जुना उठला. मग त्यानं भंगारातून लोखंडाची एक जाड नळी ओढून काढली.

"म्हातारीला दिसत न्हाई म्हनतासा. ही द्या."

नको म्हणावं असं धोंडिरामला वाटलं. पण रिकाम्या हातानं तिच्या दारात उभं राहायची त्याला छाती झाली नाही.

पारूबाईनं नळी मांडीवर घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली.

"लाकूड कुठं हाय रं?"

"वाळवीनं खाल्लं, काकी."

तिनं नळी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. 

"लय जड हाय की रं. ही सोडली असती तर आला असता काठाला." आणि ती नळी तिनं बाजूला सरकवली. "ने बाबा. घरात नगं मला ही."

खरं सांगावं असं धोंडिरामच्या मनात आलं. पण नळी काखेत मारून तो उठला. पारूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

त्याच साली दिवाळीच्या आधी ती गेली. धोंडिरामनं तिला खरं काही सांगितलंच नाही.