सहा महिने टिकलेला ब्रश

माझ्या दादाने अठरा वर्षं प्लास्टिकचे मग आणि बादल्या काढल्या. म्हणजे तो कागदावर काढायचा आणि कारखाना साच्यातून. एकदा नदीकाठी त्याला त्याचाच एक मग सापडला. नऊ वर्षांपूर्वीचा, पण कान शाबूत. दुसरा कोणी असता तर आपला माल इतका टिकला म्हणून मिशीला पीळ भरत घरी आला असता. दादा घरी आला तो तोंड पाडून, आणि आठवड्याभरात नोकरी सोडून मोकळा झाला.

मग आमच्या घरात मातीत मिसळणाऱ्या वस्तूंचं राज्य आलं. लाकडी कंगवा आला, त्याचे दात माझ्या केसांत राहिले. शांपूची वडी आली, ती माझे केस ओले होईपर्यंत वाहून गेली. दातांचा ब्रश तर मातीत मिसळायला इतका उतावीळ, की त्याने तोंडातच सुरुवात केली. मी म्हणायचे, "नव्याचे नऊ दिवस!" वहिनी म्हणायची, "नऊ दिवस टिकलं तरी मिळवली." पण हे ती फक्त माझ्यापाशी बोलायची. दादासमोर अवाक्षर नाही.

शेवटी भांडी घासायचा ब्रश जमला. लाकडी मूठ, काथ्याचे केस. दादाचा नियम असा, की वस्तू आधी घरात वापरायची आणि मगच बाजारात न्यायची. डझनभर नमुने करून त्याने खोक्यात ठेवले. त्यातल्या एकावर तापलेल्या तारेने तारीख डागली आणि तो वहिनीच्या हाती दिला. दर रविवारी भिंग घेऊन तो ब्रश तपासायचा आणि वहीत लिहायचा, 'झीज नाही.' असे सहा महिने गेले. भांडी झिजली, ब्रश नाही! मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण दादा इतका खुशीत होता की शंका काढायची छाती होईना.

एक मोठं दुकान ब्रश ठेवायला तयार झालं. अट एकच. सहा महिने टिकण्याची हमी दादाच्या सहीने द्यायची, आणि तक्रारी आल्या तर सगळा माल परत. हे फसलं असतं तर दादाला हात जोडून पुन्हा बादल्यांकडे जावं लागलं असतं.

सही करायच्या दुपारी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि ओट्याखालून एक पिशवी काढून उपडी केली. आतून आठ ब्रश पडले. टक्कल पडलेले, आणि आठांवर तीच तारीख.

"अगं वहिनी, हे काय?"

"तीन आठवड्यांत केस गळतात गं त्याचे. पहिल्यांदा गळले तेव्हा म्हटलं, रविवारी यांचा चेहरा बघवणार नाही. खोक्यातला एक काढून एकदाच बदलू. मग काय, एकदा खोटं बोललं की निस्तरत बसावं लागतं."

"आणि तारखा?"

"तार तापवायला काय लागतं? बावीस वर्षं यांचं अक्षर बघतेय."

"सांग त्याला. आत्ता."

"तू सांग ना, भाऊ तुझा आहे."

"नवरा तुझा आहे!"

आमची ही ढकलाढकली चालू असताना दादा दारात उभा होता. हातात सहीचं पेन. त्याने सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तो खाली बसला, आठही ब्रश ओळीने मांडले आणि खिशातून भिंग काढलं. जळो ते भिंग, असं मला झालं.

"सगळ्यांचं टक्कल एकाच कोपऱ्यातून सुरू झालंय," तो म्हणाला. "तू तेवढाच कोपरा का दाबतेस?"

वहिनीने हात मागे घेतला. "मूठ जाड आहे. अंगठा पोचत नाही माझा. मनगट वाकवून धरावा लागतो."

"दुखतं?"

"दुसऱ्या ब्रशपासून."

मूठ दादाने स्वतःच्या हाताच्या मापाने केली होती. आणि त्या सहा महिन्यांत त्याने एक वाटीसुद्धा घासली नव्हती. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याचं तोंड बघून दयाही आली.

त्याने दुकानाला फोन लावला. ब्रश तीन आठवडेच टिकतो, आणि मूठही चुकली आहे, असं सरळ सांगून टाकलं. पलीकडून जे ऐकू आलं ते थोडक्यात होतं. फोन ठेवून त्याने हमीचा कागद उलटा केला आणि ओट्यावर ठेवला.

"हात दे," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीने पंजा कागदावर ठेवला. दादा बोटांच्या कडेकडेने पेन फिरवू लागला. अंगठ्यापाशी आला आणि वहिनी एकदम रडायलाच लागली.

"दुखलं का?" दादा घाबरून म्हणाला.

"नाही हो. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं."

तिने डाव्या हाताने डोळे पुसले. उजवा तसाच कागदावर ठेवला होता, रेघ हलू नये म्हणून.