विनोदच्या पत्त्यांवरच्या टिकल्या

विनोद लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. चिपळूणहून कंपनीच्या बसने जाताना तो आणि त्याचा कामावरचा जोडीदार शार्दूल मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्ते खेळायचे. रमी नव्हे, तर राक्षस, पक्षी आणि मंत्र असलेल्या चित्रांच्या पत्त्यांचा खेळ. त्यात प्रत्येक प्राण्याची आपली ताकद असते. उडणाऱ्याला उडणाराच अडवतो. दगडी राक्षस हल्ला करत नाही, पण कुणाला पुढेही जाऊ देत नाही. मंत्र एकदाच चालतो, वापरला की बाद. विनोदला सगळे पत्ते पाठ होते.

एका पाळीला पाइपाचा सांधा फुटला आणि ॲसिड त्याच्या डोळ्यांत उडालं. दोन्ही डोळे गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो "बरं" एवढंच म्हणाला. आई रडून गेली, तेव्हाही तो नुसता बसून होता. त्याची बायको राही त्याला रत्नागिरीला आपल्या माहेरी घेऊन आली. तो मुकाट्याने गाडीत बसला.

शार्दूल सुट्टीला एसटीने यायचा. बोलायला काही सुचेना, म्हणून एकदा त्याने पत्ते काढले.

"मी तुझे वाचून दाखवतो."

"मग माझ्या हातात काय आहे ते तुला कळेल." विनोदने एक पत्ता चाचपला. वरचं प्लास्टिकचं कव्हर गुळगुळीत होतं. सगळे सारखेच.

राही भाजी निवडत ऐकत होती. पुढच्या आठवड्यात तिने कव्हरांवर चित्राच्या बाजूला टिकल्या चिकटवल्या. प्राण्याला वर, मंत्राला खाली, उडणाऱ्याला कोपऱ्यात, आणि प्रत्येक पत्त्याची मांडणी वेगळी. बोटांना ते शिकायला पावसाळा गेला. बोटं शिकली, आत मात्र काही हललं नाही.

मग डाव सुरू झाले. शार्दूल हरत राहिला. एकदा विनोदच्या गरुडाने हल्ला केला आणि शार्दूल म्हणाला, "गेलो मी."

"मघाशी माझ्या घुबडाने तुझ्या हातातले पत्ते उघडे केले. तूच ते वाचून दाखवलेस, त्यात धुक्याचा मंत्र होता. तो टाकला की त्या फेरीत हल्ला लागत नाही. का नाही टाकलास?"

शार्दूलने पत्ते गोळा करायला घेतले.

"मला जिंकवायला येत असलास तर येऊ नको." विनोद हे पाणी मागावं तसं म्हणाला.

पुढचा डाव शार्दूलने सरळ जिंकला. "राग आला?"

"नाही."

"मग बरं वाटलं?"

"तेही नाही. पत्ते वाट."

हिवाळ्यात शार्दूलच्या पाळ्या बदलल्या, येणं कमी झालं. राही समोर बसू लागली. नियम तिने शार्दूलकडून फोनवर विचारून घेतले होते.

"अहो, तुमचा ड्रॅगन मेला."

"कशाने?"

"मंत्र आहे. 'चारपेक्षा जास्त ताकदीचा एक प्राणी बाद करा.'"

"एवढंच लिहिलंय? खाली बारीक काही नाही?"

"नाही हो."

विनोदने ड्रॅगन चाचपून काढला आणि बाद पत्त्यांवर ठेवला. त्याचा चेहरा तसाच होता. राही पत्ते खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "तुझी खेळी संपली नाही अजून. माझ्याकडे अडवायला आता एकही प्राणी नाही. हल्ला कर."

तिने केला.