हजारावी ओळ

डोळा अजून पुरता लागलेला नाही. एप्रिलची दुपार, सोलापूर, अडीच वाजलेत. जेवणाच्या टेबलावर आफ्रिकेचा नकाशा पसरलाय, त्यावर माझा चष्मा, शेजारी आमची पक्ष्यांची वही. काल पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून आलेय, त्यामुळे डावा दंड ठणकतोय आणि अंगात कणकण आहे. दाराशी कूलर घरघरतोय. मी पेन्सिलीने नकाशावर प्रवासाची रेघ ओढतेय: आधी युगांडातली माबांबाची दलदल, मग केनियात नाकुरू, बोगोरिया, शेवटी नैवाशा. बोगोरियापाशी पेन्सिल थांबते आणि माझी मान टेबलावर कलंडते.

लाइट जाते. कूलर बंद पडतो. एवढं मला कळतं.

"रेघ चुकली," समोरून आवाज येतो. "आधी नैवाशा करायचं. बोगोरिया सगळ्यात शेवटी."

आमचे हे समोरच्या खुर्चीत बसलेत. प्राध्यापक रघुवीर हेंद्रे, जाऊन चौदा महिने झाले. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट, आणि बुटांखाली फरशीवर पाण्याचं थारोळं. मला भीती वाटत नाही, राग येतो. चौदा महिन्यांनी माणूस घरी येतो आणि पहिलं वाक्य काय, तर रेघ चुकली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे मेल्यावरही गेलेली नाही.

"अहो, बूट बाहेर काढा," मी म्हणते. "आणि सहल माझी आहे. रेघ मी ओढीन."

"तुझी? बारा वर्षं कागद कुणी जमवले?"

"तुम्ही जमवले. जाणार मी आहे."

खरंच आहे ते. बारा वर्षं ह्या माणसाने आफ्रिकेची तळी आणि अभयारण्यं पाठ केली, कुठल्या महिन्यात कुठे कोण उतरतं ते मला जेवताना ऐकवलं, आणि निघायच्या आधी स्वतःच निघून गेले. मग आमच्या पक्षीमित्र गटातला विनायक बनसोडे घरी आला. म्हणाला, काकू, सरांच्या जागी तुम्ही चला. मला बरं वाटलं. पुढे म्हणाला, तो शूबिल पक्षी दिसला की सरांच्या वहीत सरांच्या नावाने लिहा, त्यांचे हजार पूर्ण होतील. तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. त्याला चहा दिला आणि बघू म्हटलं.

आता त्या वहीबद्दल सांगते. घरात वही एकच, आणि ती ह्यांची. आयुष्यात पाहिलेला प्रत्येक नवा पक्षी त्यात क्रमांकाने. नऊशे नव्याण्णव झाले आणि ह्यांनी हात आखडला. हजारावी ओळ रिकामी, समोर बारीक अक्षरात लिहिलंय: शूबिलसाठी राखीव. लाकडी खडावेएवढी चोच असलेला, छातीइतका उंच, करडा, दगडासारखा उभा राहणारा पक्षी. त्याच्यासाठी रेल्वेच्या आरक्षणासारखी ओळ अडवून ठेवलेली.

"दे बरं ती वही," ते हात पुढे करतात. बाहीतून पाणी ठिबकतं.

मी वही छातीशी धरते आणि मागे सरकते. पाठीला होडीची कड लागते. जेवणाचं टेबल खालून डुलतंय. सगळीकडे पाणी, थंडगार जानेवारी, वर धुकं. मी ओळखते. हे उजनीचं पाणी आहे, भिगवणच्या बाजूचं. आमचा कूलर थोड्या अंतरावर गुडघाभर पाण्यात उभा आहे आणि त्याच्याभोवती रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा, माना खाली घालून चिखल गाळतोय.

"इथे कशाला आणलंस?" ते चिडतात. "आपल्याला माबांबाला जायचंय."

"जाऊ की. वाटेवरच आहे."

एकवीस वर्षांपूर्वीची ही सकाळ मी रोज चघळलेली आहे, त्यामुळे मला तिचा कण न् कण माहीत आहे. तीस वर्षं मी ह्यांच्यामागून थर्मास आणि डबा घेऊन फिरले. थर्मास धरून उभं राहिल्या राहिल्या माणूस शिकतो. त्या दिवशी थव्याच्या डाव्या टोकाला मला एक वेगळा दिसला. इतरांच्या कमरेला लागेल एवढा बुटका, रंगाने गडद, आणि चोच टोकापासून मुळापर्यंत काळपट लाल. छोटा रोहित. आफ्रिकेच्या तळ्यांवर लाखोंनी असतो, आमच्या पाण्यावर कुणी पाहिलेला नव्हता. मी दुर्बीण ह्यांच्या हातात दिली. नावाडी पाठ करून जाळं सोडवत होता, त्याला काही पत्ता नव्हता. ह्यांनी पूर्ण दोन मिनिटं पाहिलं, दुर्बीण उतरवली आणि म्हणाले, "मला नाही दिसलं काही."

ह्यांचाच नियम होता, दुर्मीळ पक्ष्याला साक्षीदार हवा. मी वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: छोटा रोहित, एक, उजनी, चौदा जानेवारी, पाहणारी प्रमिला हेंद्रे. ह्यांनी क्रमांक दिला नाही. माझ्या अक्षरांना खेटून हिरव्या शाईने लिहिलं, शंकास्पद. आणि संध्याकाळी पक्षीमित्र गटाच्या बैठकीत, शाळेच्या वर्गात, चाळीस माणसांसमोर म्हणाले, "आमच्या हिला गुलाबी दिसलं की सगळे छोटे रोहितच." चाळीस माणसं हसली. मीही हसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी होडीत ते पान उघडते. "इथे सही करा," मी म्हणते. "साक्षीदार म्हणून."

"आता? मेलेल्या माणसाची सही कोण धरतं?"

"मी धरते."

"प्रमिला, तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. मोठ्या रोहितचं पिल्लू होतं ते. चिखलाने चोच काळी दिसली. आणि असा एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला की कुठलाही पक्षी बुटकाच दिसतो."

पाणी होडीला चुबुक चुबुक लागतं.

"कुठला पाय?" मी विचारते.

"डावा."

"तुम्हाला तर काहीच दिसलं नव्हतं ना?"

एकवीस वर्षांत त्या पायाबद्दल मी कुणाला अवाक्षर बोललेली नाही. ना पोरीला, ना बहिणीला. स्वप्नातला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, मला माहीत आहे. मला चालतो. पितळ उघडं पडलं आणि ते बघायला मी समोर बसलेय, ह्याचा मला इतका आनंद होतो की दंडाचं ठणकणंसुद्धा थांबतं.

"का?" मी विचारते.

ते टोपी काढतात. कपाळावर टोपीचा वळ आहे, जिवंतपणी असायचा तसाच. "आठच दिवसांपूर्वी पेपरात माझा लेख आला होता. उजनीवर छोटा रोहित येत नाही, येणारही नाही, असं छापून आलं होतं. माझ्या नावाने."

"बस, एवढंच?"

"आणि मी आधी पाहायला हवा होता."

लेखाचं मी समजू शकले असते. पण हे दुसरं. ते इतक्या सरळपणे म्हणतात, जसं दूध संपलंय म्हणावं. माझ्या घशाशी काहीतरी येतं. रडू आहे असं आधी वाटतं, पण ती शिवी आहे. मी ती गिळत नाही, देते. नावाड्याने ऐकली असती तर तोही लाजला असता. ह्यांनी मात्र मान खाली घातलेली आहे, आणि त्या खाली घातलेल्या मानेवरचे पिकले केस बघून क्षणभर वाटतं, जाऊ दे. दे सोडून. मग चाळीस माणसं हसतात आणि मी काहीच सोडत नाही.

कूलरचं गवत वाढू लागतं. जाळीतून बाहेर येतं, माणसाच्या डोक्यावर जातं, त्याला झुपके फुटतात. उजनी कुठे संपली ते कळत नाही. होडी उंच हिरव्या लव्हाळ्यांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून सरकतेय आणि हवा गरम, ओली आहे. माबांबा.

ते माझा दुखरा दंडच पकडतात. "ते बघ. बघ, बघ."

दहा हातांवर तो उभा आहे. करडा, छातीइतका उंच, ती खडावेसारखी चोच छातीवर टेकवलेली. हलत नाही. पिवळसर डोळा आमच्याकडे लावलेला. बारा वर्षं जेवणाच्या टेबलावर ऐकलेला पक्षी मला पहिल्यांदा दिसतो. असं काही आपल्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. "दिसला ना तुला? लिही, प्रमिला. हजारावा. साक्षीदार तू."

मी सावकाश दुर्बीण घेते. पूर्ण दोन मिनिटं बघते. त्याच्या डोक्यामागचा छोटासा तुरा, बोटांची लांबी, सगळं बघून घेते. मग दुर्बीण उतरवते.

"मला नाही दिसलं काही," मी म्हणते.

"अगं, समोर उभा आहे!"

"दगड असेल. तुम्हाला करडं दिसलं की सगळे शूबिलच."

लव्हाळ्यांत कुठेतरी चाळीस माणसं हसतात. ते उठून उभे राहतात, होडी हेलकावते. "असं करू नको. मी चाललोय गं, मला पुन्हा यायला मिळायचं नाही. एवढी एक ओळ."

"आधी माझी ओळ. ह्या पानावर सही करा, मग शूबिलचं बघू."

"आधी शूबिल!"

"आधी सही!"

सही केली असती तर काय बिघडलं असतं? एवढंसं नाव. पण ते खिशातून हिरवं पेन काढतात आणि सहीची जागा सोडून वहीवरच झेप घेतात, हजाराव्या ओळीसाठी पानं उलटायला. मी पान घट्ट धरून ठेवते. त्यांची ओली बाही, ओला तळवा, सगळं त्या जानेवारीच्या पानावर दाबलं जातं. शूबिल पंख उघडतो. केवढे मोठे पंख आहेत त्याचे. कूलर धाडकन सुरू होतो.

लाइट आलेली आहे. गालावर नकाशाची घडी उमटलीय. खुर्ची रिकामी, फरशी कोरडी. तीन वाजून दहा मिनिटं.

वही माझ्या दोन्ही हातांखाली उघडी आहे, चौदा जानेवारीच्या पानावर. आणि पान ओलं आहे. नकाशा कोरडा, टेबल कोरडं, पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात. कूलर दाराशी, आणि तो तर आत्ता सुरू झाला. मी पान उजेडात धरते. हिरवी शाई पसरून नुसता शेवाळासारखा डाग उरलाय, शंकास्पद हा शब्द वाचताच येत नाही. माझी पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी आहेत. छोटा रोहित, एक. होडीत शाई वापरू नका, पाण्याने पसरते, हे मी ह्यांना तीस वर्षं सांगत होते. पेन्सिल शाळेतल्या पोरांनी वापरावी म्हणायचे.

मी फॅनखाली पान वाळवत बसते. मग शेवटचं पान काढून पाहते. नऊशे नव्याण्णव. त्यात हा एक, ज्याच्यावर आता कुणाची शंका नाही. ह्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे, दोन मिनिटं, डाव्या पायासकट. पेन्सिलीला टोक करते, "शूबिलसाठी राखीव" वर आडवी रेघ मारते आणि हजाराव्या ओळीत तो उतरवते, तारखेसकट.

मग बनसोडेला फोन लावते.

"विनायक, सरांच्या वहीत शूबिलला जागा नाही. हजार झालेत."

"आँ? कधी झाले, काकू?"

"एकवीस वर्षांपूर्वी. उजनीवर."

त्या चाळीसांत तोही होता, पंचविशीतला, पुढच्या बाकावर बसून हसणारा.

"काकू," तो म्हणतो, "मग शूबिल दिसला तर लिहायचा कुठे?"

"माझ्यासाठी एक वही आण, दोनशे पानी," मी म्हणते. "तो माझा पहिला असेल."