साहेबाच्या पुढे गेलेला चेंडू

"पह्यले हात दाखवा," असं म्हणून ते समोरच्याचा तळहात आपल्या हातात घ्यायचे आणि बोटांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून पाहायचे. कारखान्यात नव्याने लागलेल्यांना वाटायचं, म्हातारा ज्योतिषी दिसतो. कँटीनवाल्याने तर एकदा सरळ लग्नाचा योगच विचारला. "योगाचं मले नाही समजत," ते म्हणाले, "पन पोळ्या तू नाही लाटत, दुसरंच कोनी लाटते, येवढं दिसून राहिलं." कँटीनवाला पुन्हा हात दाखवायला गेला नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याविषयी लिहितोय ते रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. गोड आठवणी वाचायला कुणी बसलं असेल तर त्याने उठावं. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. सौंसरहून नागपूरकडे जाता येता दिसतो, एवढं पुरे. भीतीमुळे नव्हे, पण त्या नावाची माझ्या हातून तेवढीही जाहिरात व्हायला नको.

आमच्या मोठ्या साहेबांना गोल्फचा नाद होता. कारखान्यामागच्या पडीक जागेत त्यांनी स्वतःपुरतं मैदान करून घेतलं होतं. एका टोकाला हिरवळीचा चौकोन, पुढे लांबच लांब सपाट माती, त्यात अंतराच्या पाट्या रोवलेल्या, आणि तारेच्या कुंपणापलीकडे कुणाची तरी संत्र्याची बाग. चौकोनात उभं राहून चेंडू दूर हाणायचा, बस. काका ती हिरवळ राखायचे. कागदावर ते माळी होते. खरं म्हणजे तीस वर्षं त्यांनी नागपुरात कॅडी म्हणून काम केलं होतं. कॅडी खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहतो, वारा कुठून आहे ते बघतो, कोणती काठी घ्यावी ते सांगतो, आणि साहेब हरला की शिव्याही खातो. घर मोहगावला. तीस वर्षं त्यांनी फक्त सोमवारी घरचं जेवण जेवलं, कारण सोमवारी मैदान बंद असायचं. साठीला आल्यावर ही माळ्याची नोकरी मिळाली आणि रोज संध्याकाळी ते आपल्या घरी जाऊ लागले. या नोकरीला ते किती जपत, हे त्यांच्या हिरवळीकडे पाहिलं तरी कळायचं. गाजरगवताचं एक रोप दिसलं तरी ते अंगावर पाल पडल्यासारखे धावायचे.

आता साहेबांकडे वळतो. दर वर्षी कारखान्याच्या वार्षिक दिवशी सगळ्या स्टाफने त्या चौकोनातून एकेक चेंडू मारायचा. साहेब सर्वांत आधी मारायचे. त्यांचा चेंडू पडेल तिथे स्टोअरचा माणूस लाल झेंडी रोवायचा, आणि मग उरलेल्या सगळ्यांनी त्या झेंडीच्या अलीकडे चेंडू टाकायचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण लग्नात वरबापाच्या आधी कुणी पानावर बसत नाही, तसं होतं ते. आमचा एक शिफ्ट इंजिनीअर तरणाबांड गडी, क्रिकेटमध्ये षटकार ठोकणारा. तोही इथे चेंडू असा मारायचा की जणू त्याला ताप भरलाय. बक्षीस दर वर्षी साहेबांना, टाळ्या आमच्या.

मी हिशेब खात्यातला बाबू, मूळचा पांढुर्ण्याचा. मला त्या झेंडीशी काही देणंघेणं नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी माझी पाळी आली आणि माझी काठी चेंडूला लागलीच नाही. मी स्वतःभोवती गिरकी घेतली आणि बसलो. साहेबांनी ते मोबाइलवर टिपलं आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'पांढुर्णा का शेर'. संध्याकाळपर्यंत ते सौंसरला माझ्या सासऱ्याच्या फोनवर पोचलं होतं. पुढे वर्षभर सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणाचं काम चुकलं की साहेब म्हणायचे, "शेर का वीडियो दिखाऊं क्या?" आणि दाखवायचेही. अकरा सेकंदांचा आहे तो. मला पाठ आहे. सातव्या सेकंदाला कोण खदाखदा हसतं, तेही मला माहीत आहे आणि त्याच्या पगारवाढीच्या कागदात मी काय केलं ते त्याला माहीत नाही.

एकदाच, फक्त एकदाच त्या लाल झेंडीच्या पुढे चेंडू टाकायचा, असं मी ठरवलं. तसा मी आयुष्यात काही ठरवणारा माणूस नाही. पण हे ठरवलं आणि मला झोप चांगली लागू लागली.

साहेबांकडे जी काठी होती तीच आपण घ्यायची, असा माझा बेत होता. सर्वांत लांब फटक्यासाठी मोठ्या डोक्याची एक काठी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. साहेबांचा ड्रायव्हर त्याच वर्षी निघालेला, काळाकुळकुळीत, जाहिरातीत झळकणारा. त्याची किंमत ऐकून माझ्या बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं. मी मैदानावर काकांना गाठलं.

"पह्यले हात दाखवा, बाबूजी."

दाखवला. त्यांनी बराच वेळ दाबला.

"फायली सरकवनारा हात हाये हा. साहेबाच्या काठीचा दांडा लोखंडासारखा कडक. ज्याचा हात वाऱ्यासारखा फिरते त्याच्यासाठी असते थो. साहेबाचाबी नाही फिरत, पन सांगनार कोन? तुमाले नरम दांडा पाह्यजे, अन् काठीचं डोकं जरा वर पाहनारं पाह्यजे. जुन्यात भेटते."

"जुना घेऊन साहेबाला हरवता येईल?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुंपणाशी पाइप टपकत होता, तो आधी बंद करून आले. मग म्हणाले, "येईन. पन एक शबद द्या. माह्यं नाव कोठंच निघालं नाही पाह्यजे. आता घरी राहून राहिलो मी, बाबूजी. घरवाली बुडी खूश हाये."

मी शब्द दिला. मनापासून दिला.

आम्ही एका सोमवारी रजा टाकून सौंसरहून नागपूरच्या बसमध्ये बसलो. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडे जुन्या काठ्या मिळायच्या. दुकानाच्या दर्शनी भागात साहेबांचाच ड्रायव्हर नवाकोरा टांगलेला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, सोन्याच्या दुकानासमोर नवी नवरी उभी राहते तसा. हातात घेऊन हलवूनही पाहिला. मनात आलं, हाच घेऊन उभं राहावं, साहेबाने बघावं, जळावं.

काका मागे कोपऱ्यात पाच-सहा जुन्या काठ्या काढून बसले होते. प्रत्येकीचा दांडा वाकवून बघत, डोकं नखाने वाजवून कानाशी नेत. शेवटी एक ड्रायव्हर उचलला. माथ्यावर हातभर नव्हे, पण चांगला बोटभर ओरखडा. मूठ झिजून गुळगुळीत.

"हा."

"काका, हा फारच..."

"तुमाले दाखवाचं हाये का हरवाचं हाये?"

मी तो घेतला. मुठीचं जुनं रबर त्यांनी घरी ब्लेडने कापून काढलं, दांड्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळली, तीवर पेट्रोल ओतलं आणि नवं रबर एका दमात वर सरकवलं. "पेट्रोल उडून जाते, पट्टी धरून ठेवते," म्हणाले. बाळाला झबलं घालावं इतक्या बेताने ते काम करत होते.

सहा महिने दर रविवारी सकाळी मी फटफटीवर मोहगावला जायचो. त्यांच्या घरामागे संत्र्याची थोडी झाडं होती. चेंडू महाग, म्हणून गळलेली हिरवी संत्री. लिंबाहून थोडी मोठी फळं काकू टोपलीत वेचून आणायच्या आणि बाजूला उभ्या राहून हसायच्या. "दोघंबी येडे झाले," त्या म्हणायच्या. "येडा असन तं असन, पन दोन वर्सं झाले मानूस रोज घरी जेवून राहिला." संत्रं फुटलं की आंबट रस तोंडावर उडायचा. मी प्रत्येक फळाला साहेबाचा चेहरा लावायचो आणि ते प्रत्येक फळ उजवीकडे जायचं.

"राग ठेवा," काका म्हणायचे. "ठेवाच. पन हातात नका ठेवू. हात आवळला का गेलं उजवीकडं. पोटात ठेवा."

"तुम्ही कुठे ठेवता?"

त्यांनी टोपलीतून एक संत्रं उचलून माझ्यापुढे ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की नागपुरात एका माणसाने हरल्यावर काठी त्यांच्या पोटरीवर मारली होती, आणि वर काठी वाकली म्हणून ओरडला होता. "त्याची पिशवी अजून दहा वर्सं वाह्यली मी. दर वेळी काठी त्यालेच इचारून दिली. कधी सांगतलं नाही का दुसरी घे." हे सांगताना ते इतके गोड हसले की मला माझा सूड पोरकट वाटला. दहा वर्षं एका माणसाला नेमका थोडा कमी खेळायला लावणं! तुम्ही आम्ही असं करू शकलो असतो का?

वार्षिक दिवस आला. साहेबांनी नवा ड्रायव्हर फिरवला, चेंडू गेला, झेंडी रोवली गेली, टाळ्या झाल्या. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी मोबाइल आधीच वर धरला होता. माझ्या हातातली ओरखड्याची काठी पाहून म्हणाले, "अरे, कबाड़ी के यहां से उठाई क्या?" सगळे हसले. मी राग पोटात ढकलला. काका लांब, कुंपणाशी पाइप धरून उभे होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

चेंडू लागला तेव्हा हाताला काहीच कळलं नाही. फार उंच गेला नाही. सरळही नव्हता. पण झेंडीवरून गेला आणि पुढे पडून आणखी घरंगळला. स्टोअरचा माणूस झेंडी धरून तिथेच खांबासारखा उभा. दीडशे माणसांत एक टाळी नाही. साहेबांचा मोबाइल अजून वरच होता.

इथेच थांबलो असतो तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. मोबाइल खिशात टाकून साहेब हात पुढे करून माझ्याकडे आले. हसतही होते. पांढुर्ण्यात आमच्या घराशेजारी आखाडा होता. दंगलीत कुस्ती मारली की पहिलवान बक्षीस देणाऱ्याकडे नंतर जातो. आधी गर्दी फोडून वस्तादाच्या पाया पडतो. लहानपणापासून मी तेच पाहिलंय. साहेबांचा पुढे केलेला हात मला दिसला आणि तो तसाच हवेत ठेवायची संधीही दिसली. मी त्यांच्या बाजूने निघून सरळ कुंपणापर्यंत चालत गेलो आणि दीडशे माणसांसमोर माळ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काय करून राहिले, बाबूजी! उठा. उठा ना!" काका मागे सरले. पाइप हातातून सुटला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका घाबरलेला पाहिला.

नाव मी घेतलं नाही. शब्द मोडला नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. भक्तीने पाया पडलो, असंही सांगत होतो. खोटं आहे. वाकलेलो असतानाही मी काखेतून मागे बघत होतो, साहेबाचं तोंड कसं झालंय ते.

आठ दिवसांत हिरवळीचं काम नागपूरच्या एका ठेकेदाराला दिलं गेलं. ठेकेदार स्वतःची माणसं आणणार, त्यामुळे काकांची गरज नव्हती. मला कुणी काही बोललं नाही. उलट ग्रुपवरचा तो व्हिडिओ गायब झाला. मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा सहीचे कागद विसरल्याचं आठवून परतलो. सुरुवातीला मी म्हणालो ना, कारखान्याचं नाव भीतीमुळे लपवत नाही म्हणून? लपवतो ते भीतीमुळेच. मी अजून तिथेच नोकरीला आहे.

यंदाही साहेबांनी पहिला चेंडू मारला. माझ्या पाळीला मी तो झेंडीच्या बराच अलीकडे टाकला आणि साहेबांसाठी टाळ्या वाजवल्या.

काकांचं काम गेल्यावर मोहगावला जायला मला दोन महिने लागले होते. जामसांवलीच्या हनुमानाचा प्रसाद घेतला, म्हणजे काहीतरी हातात असावं. काकू अंगणात एकट्याच तूर पाखडत होत्या. मी काकांची चौकशी केली.

"पुन्याले गेले," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "तिथं एक मोठं मैदान हाये म्हनते. पिशव्या वाहून राहिले पुन्हा. या उमरीत." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "सोमवारीबी नाही येनं होत आता. लय दूर हाये ना."

मी म्हणालो, "काकू, माझ्या हातून चूक झाली."

"चूक नाही झाली तुमच्या हातून," त्या म्हणाल्या. "ते सांगत होते मले. लय दूर गेला म्हने तुमचा फटका. साहेबाच्याबी पुढं."

मी प्रसादाचा पुडा ओट्यावर ठेवला. त्यांनी तो आत नेला नाही, परतही केला नाही. मे महिन्याचं ऊन होतं, मी सौंसरहून फटफटीवर आलेला. आमच्याकडे दारात वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मग भांडतात. काकू तूर पाखडत राहिल्या. मी बराच वेळ उभा होतो. त्यांनी पाणी विचारलं नाही.